किल्ल्याच्या भिंतीपलीकडची वसई

वसई-विरारमधल्या तरुण छायाचित्रकारांशी बोलायला बसलं की एक तक्रार हमखास ऐकू येते. किल्ला काढून झाला, सुरुची बागेचा किनारा झाला, अर्नाळा झाला, जीवदानीच्या डोंगरावरून दिसणारं शहर झालं. आता काढायचं काय? तक्रार प्रामाणिक आहे, म्हणूनच ती नीट तपासायला हवी. गेल्या काही वर्षांत इथल्या छायाचित्रांचा तांत्रिक दर्जा खरोखर उंचावला आहे. लॉन्ग एक्स्पोजर लावून लाटांचं धुकं करणं, ड्रोन नेमक्या उंचीवर थोपवणं, सावलीतला तपशील राखून आभाळही सांभाळणं हे विशीतली मुलं सहज करतात. तरीही दहा जणांची छायाचित्रं नावं झाकून समोर ठेवली, तर कोणतं कुणाचं हे सांगता येत नाही. माझ्या मते इथल्या छायाचित्रणाची आजची मुख्य अडचण हीच आहे. विषय संपलेले नाहीत. चित्र मात्र घरून निघतानाच ठरलेलं असतं.

किल्ल्याचंच घ्या. खालून वर पाहिलेला सेंट जोसेफ चर्चचा मनोरा, कमानीत उभं असलेलं जोडपं, भिंतीवरून उतरलेली मुळं. हिंदी चित्रपटांनी हा किल्ला घरोघरी नेला, २०१६ साली कोल्डप्लेच्या गाण्याने तो जगभर पोचवला. आता येणारा प्रत्येक जण मोबाईलवर पाहिलेलं दृश्य जागेवर जुळवून बघतो, जुळलं की बटण दाबतो. प्रीवेडिंगवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्याकडे गिऱ्हाईकच ते दृश्य दाखवून तसंच मागतं. पण स्वतःच्या आनंदासाठी कॅमेरा घेऊन येणाराही तेच करतो, तेव्हा वाईट वाटतं.

या किल्ल्याकडे दुसऱ्या नजरेने पाहिल्याचा दाखला जुना आहे. १८७६ साली मुंबईत चौल आणि वसईच्या इतिहासावर आणि अवशेषांवर एक इंग्रजी पुस्तक निघालं. लेखक जेर्सन द कुन्हा मूळचे गोव्याचे, पेशाने डॉक्टर, ओढ मात्र नाण्यांची आणि शिलालेखांची. पुस्तकात १७ छायाचित्रं आहेत. छापील पानावर थेट छायाचित्र उमटवण्याचं तंत्र तेव्हा रुळलेलं नव्हतं, काचेच्या प्लेटा आणि अवजड सामान घेऊन काम करावं लागे; म्हणजे एकेक चित्र विचार करूनच काढलं जाई. द कुन्हांना प्रश्न पडलेले होते. हे चर्च कोणत्या संघाचं, ते कधी उभं राहिलं, या थडग्याखाली कोण निजलं आहे? छायाचित्र त्या प्रश्नांच्या सोबतीला आलं. म्हणून दीडशे वर्षांनंतरही आपण त्या पुस्तकाकडे वळतो.

ते प्रश्न अजून तिथेच आहेत. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज मजकूर कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत आणि माणसं त्यांच्यावरून चालत जातात. भर दुपारी त्या सपाट, निर्जीव दिसतात. उन्हं कलली आणि प्रकाश आडवा आला की खोदलेल्या अक्षरांच्या कडा सावली धरतात, मजकूर वर येतो. नेमक्या त्याच वेळी सगळ्यांच्या लेन्स मावळत्या सूर्याकडे वळलेल्या असतात!

आणखी एक धागा किल्ल्याबाहेर जातो. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई जिंकली आणि इथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही पाहता येतात. इथले रिकामे मनोरे आणि तिथे देवापुढे टांगलेल्या घंटा एका मालिकेत शेजारी आल्या, तर वसईच्या मोहिमेबद्दल जे दिसेल ते मनोऱ्याच्या शंभर सुट्या छायाचित्रांत दिसणार नाही. त्यासाठी महागडी लेन्स लागत नाही, एसटीचा प्रवास लागतो आणि थोडं वाचन.

इथल्या छायाचित्रकाराचं पोट लग्नांवर चालतं. समीक्षक या कामाकडे नाक मुरडतात, ते मला पटत नाही. वसईतली गावं, घरं, नाती लग्नाच्या फोटोग्राफरइतकी क्वचितच कुणाला ठाऊक असतात. ईस्ट इंडियन घरातलं उंबराचं पाणी, कुपारी आजीचं लाल लुगडं, वाडवळांच्या मांडवातली पंगत हे सगळं त्याच्या कॅमेऱ्यात दर हंगामात येतं. दुःख याचं की एडिटिंगला बसल्यावर सगळ्या लग्नांवर एकच तयार प्रीसेट चढतो. हिरवा मळकट होतो, लाल विटकरी होतो, आणि पापडीच्या मांडवातलं लग्न जयपूरच्या हॉटेलातल्यासारखं दिसू लागतं. लुगड्याचा रंग हाही दस्तऐवज आहे, तो बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही.

महाराष्ट्रात ज्यांचं काम टिकलं त्यांच्याकडे पाहा. सुधारक ओलवे मुंबईच्या सफाई कामगारांकडे वर्षानुवर्षं जात राहिले. संदेश भंडारे तमाशाच्या फडांबरोबर फिरले. इंद्रजित खांबे कणकवलीत राहून दशावतारी कलावंतांची चित्रं काढतात. तिघांची शैली वेगळी, पण प्रत्येकाने माणसांच्या एका समूहाकडे पुन्हा पुन्हा परतणं पसंत केलं. प्रागचा योसेफ सुडेक तर स्वतःच्या स्टुडिओच्या एका खिडकीची छायाचित्रं १९४० ते १९५४ अशी चौदा वर्षं काढत होता. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला होता. स्फूर्तीसाठी त्याला कुठे जावं लागलं नाही. काचेवरचं दव रोज निराळं असे.

वसईची अशी खिडकी कोणती, असं मला विचाराल तर मी बावखलांकडे बोट दाखवीन. वाडीतली ही गोड्या पाण्याची तळी जुन्या लोकांनी हाताने खणली. पावसाचं पाणी त्यांत साठायचं, जमिनीत मुरायचं, त्यामुळे समुद्र हाकेवर असूनही विहिरी गोड राहायच्या. रहाटाने उपसलेल्या पाण्यावर केळी, पानवेली, फुलझाडं जगली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बांधकामांचा लोंढा आला, हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. २००९ साली महानगरपालिका झाली, २०११च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. या काळात कितीतरी बावखलं भरावाखाली गेली. जुलै २०१८च्या पावसात नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, मिठागरांवरची माणसं अडकली, तेव्हा वृत्तछायाचित्रकारांनी आपलं काम चोख केलं. त्यांची चित्रं परिणामाची आहेत. पाणी मुरण्याच्या जागा एकेक करून कशा बुजल्या, याची चित्रं रोजच्या बातमीत मावत नाहीत. ती इथे राहणाऱ्यानेच काढायची असतात.

साहित्याने ही जबाबदारी उचलली. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुवार्ता’ मासिकातून आणि पुस्तकांतून हिरव्या वसईसाठी लेखणी झिजवली. त्या तुलनेत छायाचित्रण फार मागे आहे. याचं एक कारण आपल्या स्पर्धांमध्येही आहे. तिथे एकट्या, भारून टाकणाऱ्या फ्रेमला बक्षीस मिळतं, आणि बावखल तसं देखणं नसतं. शेवाळलेलं पाणी, काठावर कलंडलेली केळ, पलीकडे पत्र्याचं कुंपण. एका चित्रात ते काहीच सांगत नाही. त्याच जागेवरून, त्याच लेन्सने वैशाखात तळ गाठलेलं, श्रावणात काठोकाठ भरलेलं आणि पुढच्या वर्षी मातीच्या ढिगाखाली गेलेलं पाहिलं, की ते बोलू लागतं. स्पर्धा घेणाऱ्यांनी दहा-बारा चित्रांच्या मालिकांचा वेगळा विभाग ठेवावा, आणि प्रत्येक चित्रासोबत गाव, आळी, तारीख लिहिल्याशिवाय प्रवेशिका घेऊ नये.

सुरुवात घरांतल्या जुन्या अल्बमांपासून करता येईल. अंगणात काढलेल्या पूर्वीच्या लग्नांच्या चित्रांत नवरा-नवरीमागे विहीर, रहाट, बावखलाचा काठ सहज येऊन गेलेला असतो, कुणी मुद्दाम न काढलेला. ते अल्बम मागून घ्यावेत, जागा शोधाव्यात, तिथेच उभं राहून आजचं चित्र काढावं. हे काम बाहेरून आलेल्या नामांकित छायाचित्रकारापेक्षा त्या गावात लग्नं काढणाऱ्या फोटोग्राफरला लवकर जमेल, कारण त्याला घरात घ्यायला कुणी कारण विचारत नाही.