घाट नसलेलं तळं

रविवारी पहाटे पाचला टेंभी नाक्यावर आलात, तर आम्ही दिसू. नवरात्रात देवीचा मंडप उभा राहतो त्या परिसरात आठ-दहा सायकली, हेल्मेटं, नको तितके रंगीत मोजे. चहा होतो, अंगठ्यानं टायर दाबून हवा बघितली जाते, आणि मग कुणी येऊरला, कुणी घोडबंदरला, कुणी टिटवाळ्याला. दहापर्यंत सगळे घरी. साडेदहाला पोस्ट.

मला या पोस्टविषयी लिहायचंय. राइडची पोस्ट हा आता मराठीतला एक लेखनप्रकारच झाला आहे. हजारो लोक तो लिहितात, लाखो वाचतात, पण त्याकडे लेखन म्हणून फारसं कुणी बघत नाही. त्याचे नियम पक्के आहेत. आधी आकडे : किलोमीटर, वेळ, चढाई. मग सूर्योदय. मग मिसळ. मध्ये एक पंक्चर, म्हणजे कथेत संघर्ष येतो. शेवटी कठड्याला टेकवलेल्या सायकलीचा फोटो, आणि मागे पाणी. पाणी हवंच. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात, त्यामुळे आम्हाला पाण्याची तशी टंचाई नाही.

मीही अशा पोस्टी लिहिते. सगळ्यात जास्त बदाम मिळालेली माझी पोस्ट डिचोलीची आहे, आणि तीच मला आज तपासायची आहे.

डिचोली तालुक्यात माझं आजोळ. दोन डिसेंबरांपूर्वी सायकलीची चाकं काढून ती पिशवीत भरली, रात्रीच्या कोकणकन्येनं ठाण्याहून निघाले आणि सकाळी थिवीला उतरले. तिथून अस्नोडा, मुळगाव, डिचोली, पुढे साखळी. समुद्र नाही, पर्यटक नाहीत, रस्ता झकास. आणि वळणावळणावर, झाडीच्या फटीतून, खाली खोल हिरवं-निळं पाणी. एका ठिकाणी थांबून फोटो काढला. लाल मातीच्या कड्यांमध्ये पाचूसारखं तळं. खाली लिहिलं : ‘गोव्याचं गुपित. खाणी गेल्या, तळी आली. निसर्ग आपलं परत घेतोच.’

संध्याकाळी ती पोस्ट मामाला दाखवली. त्यानं फोन लांब धरून वाचली, परत दिली आणि म्हणाला, “बाय, हे तळं न्हय. हे भोक.”

मामाचा टिपर होता. २००९ साली कर्ज काढून घेतलेला. खाणीतून नदीकाठच्या जेटीपर्यंत माल न्यायचा, तिथून बार्ज मांडवीतून मुरगावला. दिवसाला जितक्या ट्रिपा तितके पैसे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातलं खाणकाम थांबवलं आणि टिपर अंगणात उभा राहिला. २०१४ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, २०१८ मध्ये ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द झालं, पुन्हा सगळं बंद. टिपरच्या हौद्यात मामीनं एका पावसाळ्यात अळू लावलं होतं, हे मी स्वतः पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी मामा स्कूटरवर आणि मी सायकलवर, असं आम्ही तोच रस्ता पुन्हा केला. तो पुढे जायचा, थांबायचा, हात करून दाखवायचा. माझ्या पोस्टचं याहून कठोर परीक्षण कुणी केलेलं नाही.

पहिली चूक टेकडीची. डाव्या हाताला ज्या हिरव्या टेकडीला मी ‘सह्याद्रीची पायथ्याची रांग’ असं काहीतरी म्हटलं होतं, ती टेकडी नव्हतीच. तो डंप होता. इथल्या खाणीत एक टन लोहखनिज काढायचं तर साधारण अडीच-तीन टन माती आणि दगड बाजूला टाकावा लागतो. तो रचत गेलात की टेकडी होते. पावसात ती वाहून शेतात उतरू नये म्हणून तिच्यावर झाडं लावतात, बहुतेक ऑस्ट्रेलियन बाभळी. भराभर वाढतात, लांबून जंगल वाटतं. एकदा कळलं की दिसायला लागतं : सगळी झाडं एकाच वयाची, रांगेतली, आणि माथा सुरीनं कापल्यासारखा सपाट.

म्हणजे टेकडीची उंची आणि तळ्याची खोली या एकाच हिशेबाच्या दोन बाजू होत्या. स्ट्राव्हावर चढाईचा आकडा येतो. खोलीचा येत नाही. पोस्टच्या प्रकारातच ती सोय नाही.

दुसरी चूक पाण्याची. ‘निसर्ग आपलं परत घेतो’ हे वाक्य किती सहज लिहून गेले होते मी. इथल्या काही खाणी समुद्रसपाटीच्याही खाली गेल्या आहेत. इतकं खोल खणलं की भूजल फुटतं आणि खड्ड्यात भरतं. काम चालू ठेवायचं तर रात्रंदिवस पंप लावून ते बाहेर काढावं लागतं. खड्ड्यातलं पाणी उपसलं की भोवतालच्या जमिनीतलं पाणी तिकडे सरकतं आणि गावच्या विहिरी आटतात. लइराईच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या शिरगावात हे घडलं, न्यायालयापर्यंत गेलं. खाण बंद होते तेव्हा पंप बंद होतात, आणि पाणी आपल्या जुन्या पातळीला येत राहतं.

म्हणजे मी ज्याला तळं म्हटलं, ते गावाच्या विहिरींचंच पाणी होतं. मामाच्या घरामागच्या विहिरीलाही बंदीनंतर दोन-तीन पावसाळ्यांनी पुन्हा उन्हाळाभर पाणी राहू लागलं. हे सांगताना त्याचा चेहरा काही फार आनंदी नव्हता. “गाडी होती तेव्हा विहीर नव्हती,” तो म्हणाला. “विहीर आली तेव्हा गाडी नव्हती.”

खाणींवर मी आजवर जे काही वाचलंय, बाजूचं आणि विरोधातलं, त्यातलं बरंचसं या दोन वाक्यांपुढे मला अर्धवट वाटतं. विरोधातल्या लेखनात गाडी नसते, बाजूच्या लेखनात विहीर नसते. आणि राइडच्या पोस्टमध्ये दोन्ही नसतात. तिथे फक्त रंग असतो.

खाणीचं तळं करणं शक्यच नाही, असं मला म्हणायचं नाही. साखळीला सेझाच्या जुन्या खाणीच्या जमिनीवर झाडं उभी आहेत, पोरं फुटबॉल शिकतात. डिचोली-साखळी भागात खाणींत साठलेलं पाणी उन्हाळ्यात उपसून पाणीपुरवठ्याच्या कामी आणलं गेलं आहे. आणि या कामाचा फार मोठा प्रयोग बघायचा, तर पूर्व जर्मनीतल्या लाउसित्झ भागाकडे बघावं लागतं. बर्लिन आणि ड्रेस्डेनच्या मधला हा लिग्नाइट कोळशाचा पट्टा. खाणी संपल्यावर नद्यांचं पाणी वळवून, वर्षानुवर्षं भरून, तिथे तळ्यांचा एक प्रदेशच तयार केला जातोय. झेन्फ्टेनबर्गचं तळं तर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच भरलं. तळ्यांभोवती सायकलींसाठी गुळगुळीत डांबरी वाटा आहेत. माझ्यासारखीला स्वर्गच. मी तिथे गेलेली नाही, पण नकाशे आणि लोकांच्या राइडचे फोटो तासन्‌तास पाहिलेत.

त्या फोटोंत मला एक गोष्ट वेगळी दिसली. पाण्याच्या मागे कुठे ना कुठे यंत्र असतं. लिश्टरफेल्डला एफ-६० नावाचा ५०२ मीटर लांबीचा अजस्र पूल आहे. खाणीवरची माती उचलून पलीकडे टाकणारं हे यंत्र. भंगारात न काढता ते लोकांना चढून बघायला ठेवलंय. झेडलिट्झच्या तळ्याकाठी २००८ मध्ये गंजणाऱ्या पोलादाचा ३० मीटर उंच मनोरा उभारला. लोक त्याला गंजका खिळा म्हणतात. ग्रोसरेशनला खाणीतल्या यंत्राचा हातच वापरून धक्का बांधला, तोही पाणी यायच्या आधी. कित्येक वर्षं तो कोरड्या खड्ड्यावर उभा होता. तुम्ही तिथे कसाही फोटो काढा, हा खड्डा होता, इथे काम चालायचं, हे फोटोत येतंच. ठिकाणच तशी पोस्ट लिहून देतं.

तिथेही सगळं छान नाही. कोळशापायी त्या भागातली शंभरावर गावं गेली, त्यांतली बरीच सोर्ब या अल्पसंख्याक समाजाची. काही तळ्यांचे काठ अजून खचतात म्हणून ती अधूनमधून बंद ठेवावी लागतात. जुन्या खाणींतून झिरपणाऱ्या लोहामुळे स्प्रे नदीचं पाणी काही ठिकाणी तपकिरी झालंय. पण निदान तिथे तळं म्हणजे काय, याचा कुणीतरी विचार केलाय.

हा विचार मी केला तो ठाण्यात परतल्यावर, मासुंदा तलावावर. टेंभी नाक्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर. ठाण्यातल्या तळ्यांची परंपरा शिलाहारांच्या काळापर्यंत सांगितली जाते. आता त्यांना कठडे आहेत, दिवे आहेत, बोटिंग आहे, वास आहे. पण पायऱ्याही आहेत. पाण्यापर्यंत उतरता येईल अशी जागा कुणीतरी बांधली, म्हणून ते तळं. हंडा घेऊन आलेली बाई, पाय धुणारा वाटसरू, विसर्जनाला आलेलं घर, सगळे त्या पायऱ्यांनी उतरले.

डिचोलीच्या माझ्या फोटोतही पायऱ्या आहेत. मोठ्या, लाल, एकाखाली एक. मला त्या तेव्हा फार आवडल्या होत्या. त्यांना खाणीत बेंच म्हणतात. त्या यंत्रांसाठी आणि टिपरांसाठी कापलेल्या असतात, माणसाच्या पायासाठी नाही. शेवटची पायरी पाण्याखाली कुठे संपते ते काठावरून कळत नाही. काठ असा नसतोच, थेट खोली. दर पावसाळ्यात दगडखाणीच्या पाण्यात पोहायला गेलेली पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. तिथेही पाणी असंच सुंदर दिसत असणार.

मग राइडच्या पोस्टचं करायचं काय? ती अपराधी तोंड करून लिहावी, असं मला वाटत नाही. खाणीच्या रस्त्यानं जाताना आनंद झाला, तो खोटा नव्हता. उलट सायकल हे वाचायला फार चांगलं वाहन आहे. डंपच्या कडेनं जाणारा चढ गुडघ्याला कळतो, उडालेली लाल धूळ दातांत कळते, आणि माणसानं हाक मारली तर थांबता येतं. आमच्या लेखनाची अडचण वेगाची नाही. आम्ही थांबतो ते फोटोपुरते, आणि तिथे राहणाऱ्याला काही विचारत नाही. इतकं केलं तरी हा प्रकार सुधारेल.

२०२४ मध्ये डिचोलीत लिलाव झालेल्या एका ब्लॉकमध्ये खाणकाम पुन्हा सुरू झालं. मामानं टिपर कधीच विकला, आता वय नाही. पण शेजारच्या मुलानं नवा घेतलाय. मामा त्याला काही बोलत नाही. रोज सकाळी तेवढं विहिरीत डोकावून बघतो.

माझी जुनी पोस्ट मी काढलेली नाही. फोटो तोच ठेवलाय. खालचा मजकूर बदलला : ‘मुळगाव ते साखळी. चढाई डंपच्या कडेनं. खोली माहीत नाही. पाणी मामाच्या गावचं.’

बदाम कमी झाले नाहीत. मात्र एक प्रश्न आला. आमच्याच ग्रुपमधल्या एकानं विचारलं, पारसिकच्या डोंगरात मुंब्य्राच्या बाजूला जे कापलेले कडे दिसतात, त्यांची खडी कुठे गेली असेल?

मी तेव्हा घरात, खिडकीशी बसले होते. समोर चौदा मजले होते.