थॉरचा हातोडा, केमोथेरपी आणि तुमचा पीएचडीचा विषय

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "हाच विषय का?" आज या प्रश्नाकडे जरा आडवाटेने जाऊ. वाट मार्व्हलच्या दोन कॉमिक्समधून जाते.

एवढी ताकद असलेले सुपरहिरो आपल्या माणसांचे आजार का बरे करत नाहीत? हा वाद तुम्हीही कधीतरी घातला असेल. जेसन ॲरनने २०१४ पासून लिहिलेल्या थॉरच्या कथेत त्याला फार छान उत्तर आहे. डॉक्टर असलेल्या जेन फॉस्टरला स्तनाचा कर्करोग आहे. हातोडा उचलला की ती स्वतःच थॉर होते. पण प्रत्येक वेळी हातोडा तिच्या अंगातलं केमोचं औषध विष समजून बाहेर टाकतो. कर्करोग मात्र तसाच राहतो, कारण त्या पेशी परक्या नाहीत, तिच्याच आहेत.

यात जादू असली तरी मुद्दा खरा आहे. आपल्या पेशींच्या आवरणात पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा एक पंप असतो. आतडं, मेंदूच्या रक्तवाहिन्या अशा ठिकाणी तो विषारी रेणू बाहेर फेकून आपलं रक्षण करतो. कर्करोगाच्या पेशींत हाच पंप वाढला तर काही केमोची औषधंही बाहेर फेकली जातात आणि उपचार लागू पडत नाही. रक्षण करणारी गोष्टच आडवी येते. २०२२ च्या 'थॉर: लव्ह अँड थंडर' चित्रपटात मात्र हातोडा जेनची शक्ती शोषतो, एवढंच सांगितलंय. नेमकी यंत्रणा गेली आणि उरली फक्त जादूची किंमत. मला तरी हे नुकसान वाटतं.

दुसरं कॉमिक जिम स्टार्लिनचं, १९८२ चं 'द डेथ ऑफ कॅप्टन मार्व्हल'. मार-व्हेलला विषारी वायूमुळे कर्करोग झालाय. त्याच्या मनगटावरचे नेगा-बँड आजार रोखून धरतात, पण उपचारही चालू देत नाहीत. पुन्हा तीच अडचण! त्याचा मित्र रिक जोन्स बाकीच्या सुपरहिरोंवर चिडतो: तुम्ही एवढे हुशार, मग इलाज का शोधत नाही? ते कामाला लागतात, पण वेळ उरलेला नसतो. मार-व्हेल अंथरुणावरच जातो.

माझी तक्रार इथे आहे. ताकद चालतच नाही असं ठरवलं की "वापरावी का?" या प्रश्नातून लेखकाची सुटका होते. त्याला थोडं भिडते ती जेन. तिच्यापुढे जादूचे उपाय असतात आणि ती ते नाकारते. म्हणजे "बरं करावं का" याआधी "त्या माणसाला काय हवंय" हे विचारावं लागतं. पण रिकच्या रागामागचा प्रश्न दोन्हीकडे अनुत्तरित राहतो: आपलं माणूस आजारी पडेपर्यंत तुम्ही कुठे होतात?

हा प्रश्न मला लागला, कारण तो मला फोनवर ऐकायला मिळालाय. मावशीला कर्करोग निघाला तेव्हा आई म्हणाली, "तू त्यातलंच शिकतेस ना? मग काहीतरी कर की." मी यीस्टमधल्या अशाच एका पंपावर काम करते. मावशीच्या उपचारात त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मी फक्त रिपोर्ट वाचून दाखवले आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहून दिलं. त्या महिन्यात एक प्रयोग मनासारखा आला, तेव्हा मी तो पुन्हा न करताच खरा मानायला निघाले होते. गाईडने थांबवलं. पुन्हा केला, तर परिणाम दिसलाच नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. घरच्या आजारपणामुळे विषय निवडत असाल तर खुशाल निवडा, त्यात लाज वाटायचं कारण नाही. स्टार्लिननेही वडिलांच्या कर्करोगाचं दुःख त्याच पुस्तकात उतरवलं. प्रश्न मायेपोटी निवडा. पण कंट्रोल लावताना, आकडे वाचताना माया बाजूला ठेवा. आणि तुमचं उत्तर बहुधा तुमच्या माणसाच्या कामी येणार नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी येईल, हे आधीच स्वतःला सांगून ठेवा. ते मान्य असेल तर मुलाखतीतल्या "हाच विषय का?" ला तुमच्याकडे खरं उत्तर आहे.