इयत्ता दुसरीच्या गणितातील संख्यावाचन आणि पालकांचे आक्षेप : एक चिकित्सा

प्रस्तावना

जून २०१९ मध्ये बालभारतीचे इयत्ता दुसरीचे गणिताचे नवे पाठ्यपुस्तक विद्यार्थ्यांच्या हाती पडले आणि महाराष्ट्रात एक अनपेक्षित वाद उभा राहिला. एकवीस, त्रेसष्ट, सत्त्याण्णव या संख्या 'वीस एक', 'साठ तीन', 'नव्वद सात' अशा वाचण्याची पद्धत या पुस्तकात पुढे आणली होती. वर्तमानपत्रांतून टीका झाली, विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनात टोलेबाजी झाली. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर (१९४३-२०२३) यांनी जुनी पद्धत रद्द केलेली नसून दोन्ही पर्याय खुले आहेत, असा खुलासा केला. या चर्चेत भाषाभिमानी आणि गणितज्ञ असे दोन पक्ष ठळकपणे दिसले. मुलाला रोज संध्याकाळी अभ्यासाला बसवणारा पालक मात्र कोणत्याच पक्षात नीट सामावला नाही. त्याच्या आक्षेपांची चिकित्सा करणे आणि न्हावा-शेवा परिसराच्या संदर्भात ते तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बदलामागील शैक्षणिक भूमिका

मराठी संख्यानामांत मुलांना दोन वेगवेगळ्या अडचणी येतात. पहिली क्रमाची. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारले जातात, लिहिताना मात्र दोन आधी येतात. ऐकलेल्या क्रमाने लिहू पाहणारे मूल २५ ऐवजी ५२ लिहिते. दुसरी अडचण रूपांची. 'दोन' हा एकच अंक बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी असा रूपे बदलत जातो. 'पन्नास' एक्कावन्नमध्ये 'वन्न' होतो, त्रेपन्नमध्ये 'पन्न' होतो. एकोणऐंशी, एकोणनव्वद ही नावे पुढील दशकातून एक वजा करून बनतात, पण नव्याण्णव तो नियम मोडते. परिणामी शंभरापर्यंतची बहुतेक नावे मुलाला सुटीसुटी पाठ करावी लागतात. त्यातील जोडाक्षरांचा भार वेगळाच.

तेलुगू, कन्नड, तमिळ या भाषांत वीसच्या पुढे दशक आधी व एकक नंतर येतो. इंग्रजीतही तसेच आहे. त्यामुळे स्थानिक किंमत समजण्यासाठी 'वीस एक' ही पायरी उपयुक्त आहे, हे समितीचे म्हणणे गणिताच्या अंगाने सयुक्तिक होते. ते नाकारण्याचे कारण नाही.

आक्षेपांचे स्वरूप

पालकांच्या आक्षेपांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला, मराठी भाषा बिघडेल. दुसरा, बाजारात व व्यवहारात मूल अडखळेल. तिसरा, घरी आम्हांला शिकवता येणार नाही.

यांपैकी पहिला आक्षेप सर्वांत मोठ्याने मांडला गेला, पण तोच सर्वांत दुबळा आहे. 'वीस एक'ने मराठी बुडेल, अशी भीती बाळगणाऱ्या समाजातील अनेक घरांतील मुले इंग्रजी माध्यमात 'ट्वेन्टी वन' म्हणतात, म्हणजे नेमक्या त्याच क्रमाने मोजतात. त्यांच्याबाबत मात्र तक्रार ऐकू येत नाही. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. भाजीवाला, एस. टी. चा वाहक, दिनदर्शिका हे सारे 'एकवीस'च म्हणणार. म्हणून जुनी नावे शिकावीच लागतात. प्रश्न उरतो तो ती केव्हा आणि कोणत्या क्रमाने शिकवावीत, एवढाच.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. तो संख्येच्या नावाविषयी नसून शाळा आणि घर यांच्या नात्याविषयी आहे.

न्हावा-शेवा परिसराचा संदर्भ

उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये कार्यान्वित झाले. शेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी गावांचे जीवन कंटेनरांच्या वाहतुकीशी जोडले गेले. येथे संख्या हा रोजच्या कामाचा भाग आहे. आयएसओ ६३४६ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरे, सहा अंकांचा क्रमांक आणि शेवटी एक पडताळा अंक असतो. क्रमांक उतरवून घेताना अंक चुकला किंवा दोन अंकांची अदलाबदल झाली, तर ते लक्षात यावे, ही या शेवटच्या अंकामागची योजना आहे. अंकांचा क्रम चुकण्याची शक्यता मोठ्यांच्या व्यवहारातही गृहीत धरलेली असते, हे यावरून दिसते. दुसरीच्या मुलाची चूक त्याच जातीची आहे. या परिसरातील पालकाला समितीचा मुद्दा पटवून देणे म्हणूनच अवघड नव्हते.

याच परिसराने दुसरीही एक संख्या जपली आहे. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाटा येथे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या भूमिपुत्रांच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर संपादित जमिनीच्या मोबदल्यात विकसित भूखंड देण्याचे धोरण आले. ते 'साडेबारा टक्के' या नावानेच ओळखले जाते. शेकडेवारीचा धडा ज्यांनी कधी गिरवला नाही, अशा प्रकल्पग्रस्तांनाही या संख्येचा अर्थ आपल्या जमिनीच्या हिशेबातून कळलेला आहे. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच या शब्दांत आणि पावकी, निमकी, अडीचकीच्या पाढ्यांत जुन्या पिढीचे गणिती ज्ञान साठलेले आहे. शाळेचे गणित घरच्या संख्यांशी नाते न सांगता येते, तेव्हा मुलाच्या नजरेत आजीचे गणित चुकीचे ठरते. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याच्या घरी ही हानी अधिक होते, कारण शिकवणी लावून ती भरून काढण्याची ऐपत तेथे नसते.

निर्णयप्रक्रियेतील पालकाचे स्थान

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कलम २९ मात्र अभ्यासक्रमाचा अधिकार शैक्षणिक प्राधिकरणाकडे सोपवते. शाळेच्या कारभारात बहुमत असलेला पालक अभ्यासक्रमाच्या बाबतीत केवळ श्रोता उरतो. तज्ज्ञतेच्या दृष्टीने हे विभाजन समजण्यासारखे असले, तरी बदलाची पूर्वसूचना व कारणमीमांसा मिळण्याचा पालकाचा हक्क त्यामुळे संपत नाही. प्रस्तुत प्रकरणी सर्वसामान्य पालकापर्यंत ही कारणमीमांसा पोहोचली ती वाद पेटल्यानंतर, तीही वृत्तवाहिन्यांच्या गदारोळातून.

तुलनेसाठी नॉर्वेचे उदाहरण बोलके आहे. तेथील संसदेच्या निर्णयाने १९५१ मध्ये एकक आधी म्हणण्याऐवजी दशक आधी म्हणण्याची पद्धत अधिकृत झाली. दूरध्वनी क्रमांक सांगताना होणारा घोटाळा हे त्यामागील कारण होते. तेथे बदलाचा भार केवळ सात वर्षांच्या मुलावर न टाकता शाळा, प्रशासन आणि दूरध्वनी सेवा यांनी तो एकत्र उचलला. तरीही जुनी पद्धत बोलण्यातून पूर्णपणे गेली नाही. संख्यावाचनाची सवय समाजाची असते आणि ती पाठ्यपुस्तकाच्या एका आवृत्तीने बदलत नाही, हाच त्याचा अर्थ.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, २०१९ च्या पाठ्यपुस्तकातील बदल गणिताच्या दृष्टीने योग्य होता, पण तो पालकाला सोबत न घेता घडला. 'वीस आणि एक, म्हणजे एकवीस' असे एका दमात म्हणवून घेतल्यास दशकाची समज आणि घरची भाषा दोन्ही राखता येतात. नवे रूप समजुतीची पायरी म्हणून वापरावे, जुने रूप व्यवहाराची भाषा म्हणून शिकवावे, आणि पहिल्यावरून दुसऱ्याकडे केव्हा जायचे हे पालकसभेत सोप्या शब्दांत सांगावे. अभ्यासक्रमात पुढेही बदल होत राहतील. त्या प्रत्येक वेळी पालकाचा आक्षेप अडाणीपणा म्हणून झटकून टाकण्यापूर्वी, तो आपल्या मुलाचा अभ्यास घेऊ इच्छितो म्हणूनच बोलतो आहे, याची नोंद अभ्यासक्रम घडविणाऱ्यांनी घेतली पाहिजे.