पांढऱ्या धुरानंतर

एडवर्ड बर्गर यांचा ‘कॉन्क्लेव्ह’ (२०२४) मला आवडला, तरी शेवटी हात आखडता घेतल्यासारखा वाटला. नवा पोप कोण, याचा धक्का देऊन चित्रपट मोकळा होतो. तो पुढे काय करील, ही उत्कंठा त्याला नकोच आहे. १९५८ साली पोप तेविसावे जॉन निवडून आले तेव्हा ७६ वर्षांचे होते. तात्पुरती सोय, असाच अनेकांचा हिशोब. (तात्पुरता म्हणून टाकलेला कोड किती टिकतो, ते आम्हा इंजिनिअरांना विचारा.) तीन महिन्यांच्या आत त्यांनी धर्मपरिषद जाहीर केली. समोरचे कार्डिनल गप्प. त्याच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषांत आली. वसईच्या चर्चमध्ये ती आज मराठीत होते.