फळा बदलला, पाठ तोच

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी आली आणि मनमाडसारख्या गावातले पदवीचे वर्गही थांबले. २०२१ च्या सुरुवातीचे काही आठवडे वगळता राज्यातील महाविद्यालये पुन्हा उघडायला २० ऑक्टोबर २०२१ उजाडला. त्या दीड वर्षातल्या अध्यापनाचा हिशोब आपण अजून नीट मांडलेला नाही.

दोष सहसा इंटरनेटला दिला जातो. तो खोटा नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील जेमतेम १५ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली होती. पण जिथे रेंज होती, तिथे तरी काय पोचले? बहुधा तेच तासाभराचे व्याख्यान. वर्गात निदान मुलांचे चेहरे दिसतात. मोबाइलवर तेही दिसेनात. अनुमापनाची चित्रफीत पाहून प्रयोगवही भरता येते, पण कोणत्या थेंबाला रंग पालटतो हे हाताला कळत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने अंतिम वर्षाची परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची घेतली. अशा प्रश्नांतून स्मरण चटकन तपासता येते; निरीक्षणावरून निष्कर्ष काढण्याची कुवत तपासणे अवघड.

आमचा आक्षेप असा, की दुसरी वाट जिल्ह्यातच होती. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. स्वतः वाचून समजेल असे पुस्तक, मधूनमधून स्वतःची परीक्षा घेणारे प्रश्न आणि अभ्यासकेंद्रावर शंकानिरसन, ही दूरशिक्षणाची जुनी रीत आहे. तिला रोज चार तास रेंज लागत नाही.

प्रयोगही घरी होऊ शकले असते. दोरा, दगड आणि मोबाइलमधले घड्याळ घ्या. एक मीटर लांबीच्या लोलकाला एका दोलनास सुमारे २ सेकंद लागतात. बटण दाबण्यात ०.२ सेकंदाची चूक झाली तर ती १० टक्के ठरते. २० दोलने मोजली तर तीच चूक अर्ध्या टक्क्यावर येते. मोजमापातील अचूकतेचा याहून चांगला पाठ कोणता? पाणीटंचाई सोसणाऱ्या मनमाडच्या मुलांना नळाचे आणि विंधनविहिरीचे पाणी साबणाने फेसाळून दुष्फेनतेची तुलना करता आली असती.

महासाथ ओसरली, वर्ग भरले, व्याख्यानेही पूर्ववत सुरू झाली. शिक्षक समोर नसताना विद्यार्थ्याला शिकता यावे, असे त्याच्या हाती आपण आज तरी काय देतो, हा प्रश्न मात्र उरलाच आहे. तो महाविद्यालयांइतकाच शाळांनाही लागू आहे.