मोलिना ‘म्हणतो’ की ‘म्हणते’?

संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतं, की लैंगिक कल आणि लिंगभाव यांसाठीच्या स्पॅनिश शब्दांची यादी मराठी अर्थांसकट ब्लॉगवर टाकाल का? यादी आहे माझ्याकडे. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मीच केली होती. ती टाकत नाहीये, कारण त्या यादीनेच माझा पहिला सेमिनार पेपर बुडवला.

पेपर होता मानुएल पुइग या अर्जेंटिनी लेखकाच्या ‘एल बेसो दे ला मुहेर आरान्या’ या कादंबरीवर. १९७६ साली ती स्पेनमध्ये छापली गेली. अर्जेंटिनात लष्करी राजवटीने तिच्यावर बंदी घातली. ब्वेनोस आयरेसच्या तुरुंगात एका कोठडीत दोघं जण आहेत. वालेन्तीन हा राजकीय कैदी. दुसरा मोलिना, दुकानांच्या काचेमागची सजावट हा त्याचा धंदा. वेळ जावा म्हणून मोलिना वालेन्तीनला जुन्या सिनेमांच्या गोष्टी सांगतो.

बघा, ‘सांगतो’ लिहून मी मोकळी झालेसुद्धा.

माझ्या यादीत ‘ओमोसेक्स्वाल’समोर ‘समलिंगी’ होतं, ‘त्रान्स’समोर ‘पारलिंगी’. ‘लोका’समोर (आपल्या ‘लोकां’शी याचा संबंध नाही, शब्दशः अर्थ ‘वेडी’) मी ‘बायकी पुरुषाला हिणवण्याचा शब्द’ असं लिहिलं होतं. आपसातल्या गप्पांत तोच शब्द लाडाने, थट्टेने येतो, हे यादीत नव्हतंच. पेपरमध्ये मी मोलिनाला ‘पारलिंगी स्त्री’ म्हटलं. मार्गदर्शक बाईंनी समासात एवढंच लिहिलं: हा शब्द कोणाचा? मी तो खोडून ‘समलिंगी पुरुष’ केलं. पुन्हा तोच शेरा.

तेव्हा कुठे मी तळटीपा नीट वाचल्या. हो, कादंबरीला तळटीपा आहेत, आणि काही चांगल्या दोनदोन पानं चालतात. समलैंगिकता का उद्भवते यावर फ्रॉइडपासून मार्कूजपर्यंत कोणकोण काय म्हणतं, त्याचा अगदी शोधनिबंधासारखा आढावा. शेवटी आनेली तौबे नावाच्या डॅनिश डॉक्टरबाईंचं मत येतं. या बाई पुइगने चक्क रचलेल्या आहेत! माझ्या मते कादंबरीची खरी मांडणी या पानांच्या रचनेत आहे. खाली तज्ज्ञ बोलतायत, वर मोलिना बोलतोय, आणि खालच्यांना वरचं ऐकू येत नाही. माझा ‘समलिंगी’ तळटीपेतून आला होता. ‘पारलिंगी’ तर पुस्तकाबाहेरून, माझ्या काळातून. मोलिनाचं मात्र मी काहीच घेतलं नव्हतं.

मग मोलिनाचा शब्द कोणता? एकच एक नाहीच, आणि यादी कोसळते ती इथे. ज्या वेटरवर जीव जडलाय त्याच्याबद्दल बोलताना आपल्याला पुरुषासारखं बोलता येत नाही, असं मोलिना वालेन्तीनजवळ कबूल करते. स्वतःविषयीची विशेषणं मग स्त्रीलिंगी होतात. उलट तुरुंगाधिकाऱ्याच्या खोलीतला प्रसंग नाटकासारखा छापलाय, आणि तिथे मोलिनाचं नावही जातं. संवादाआधी नुसतं ‘प्रोसेसादो’, म्हणजे आरोपी. पुल्लिंगी.

कादंबरीत निवेदक जवळजवळ नाही, सगळे संवादच. त्यामुळे पुइगला ‘तो’ की ‘ती’ हे स्वतः कुठे ठरवावंच लागलं नाही. स्पॅनिशमधला समीक्षकही निसटू शकतो: ‘मोलिना दीसे’ या क्रियापदाला लिंग नाही. इंग्रजीत ‘मी दमलो’ आणि ‘मी दमले’ एकच, म्हणून १९७९च्या इंग्रजी भाषांतरात ही विशेषणं सहज विरून जातात. मराठीत ती टिकतील, पण त्याची किंमत लिहिणाऱ्याने मोजायची. ‘म्हणतो’ की ‘म्हणते’, दर वाक्याला ठरवा. आदराचं ‘ते म्हणतात’ पुरुषाकडेच झुकतं; नपुंसकलिंगी ‘ते म्हणतं’ लिहून बघा, माणसाचं मूल तरी होतं किंवा वस्तू.

‘त्रावेस्ती’चंही असंच. स्पॅनिश अकादमीचा कोश तिला विरुद्ध लिंगाचा पेहराव करणारी व्यक्ती, बहुधा पुरुष, असं सांगतो. मी तेच उतरवलं होतं. पण अर्जेंटिनात लोआना बेर्किन्स आणि त्यांच्या सोबतिणींनी पोलिसांच्या तोंडची ही शिवी उचलून स्वतःची राजकीय ओळख केली. सरकारी नोकऱ्यांत किमान १ टक्का जागा देणाऱ्या २०२१च्या कायद्यात हा शब्द आहे, आणि त्या कायद्याच्या नावात बेर्किन्स यांचंही नाव आहे. कामिला सोसा व्हिलादाच्या ‘लास मालास’ (२०१९) या कादंबरीत कोर्दोबाच्या सार्मिएन्तो बागेत रात्री धंद्याला उभ्या राहणाऱ्या ‘त्रावेस्ती’ भेटतात. त्यांना ‘बायकी कपडे घालणारे पुरुष’ म्हटलं, तर आपण कोणाच्या बाजूला जाऊन उभे राहिलो?

तेव्हा प्रस्ताव लिहिताना शब्दासमोर अर्थ मांडायची घाई करू नका. कोण, कोणाला, कुठल्या खोलीत म्हणालं, ते आधी लिहा. काम कंटाळवाणं आहे, आणि त्यातून तक्ता सुबक होत नाही.

सध्या याच कादंबरीवर एका नियतकालिकासाठी मराठी लेख करतेय. अधिकाऱ्यासमोर ‘म्हणतो’, वेटरचा विषय निघाला की ‘म्हणते’, असं प्रसंगाप्रसंगाने ठरवलंय. पहिलं प्रूफ आलं, तर मुद्रितशोधनात सगळे ‘म्हणते’ सरसकट ‘म्हणतो’ झालेले. चूक समजून कुणीतरी दुरुस्त केले. आज रात्री बसून एकेक परत लावायचेत.