थेंब सुकल्यानंतर : पवईच्या तीन निबंधांचे परीक्षण

वांद्रे स्थानकात थांबलेल्या लोकलच्या पोलादी दांडीवर उडालेला खोकल्याचा सूक्ष्म थेंब किती वेळात सुकतो, हा प्रश्न २०२० पूर्वी फारसा कोणास निकडीचा वाटला नसता. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील रजनीश भारद्वाज व अमित अग्रवाल यांनी त्या वर्षी तो गणिताच्या कक्षेत आणला. 'फिजिक्स ऑफ फ्लुइड्स' या नियतकालिकात २०२० मध्ये दोन आणि, सहकाऱ्यांसह, २०२१ मध्ये एक असे प्रसिद्ध झालेले त्यांचे तीन निबंध म्हणजे एकाच विचाराच्या तीन पायऱ्या होत. त्यांचे मोल ठरवावयाचे तर प्रत्येक पायरी कोणत्या गृहीतावर उभी आहे, हे तपासले पाहिजे.

पहिल्या निबंधातील प्रतिमान जुन्या व भक्कम परंपरेतले आहे. पृष्ठावर बसलेल्या थेंबाची कड स्थिर असून त्याची वाफ केवळ विसरणाने हवेत जाते, असे त्यात मानले आहे. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेली की, इतर घटक कायम असता, अशा थेंबाचा आयुष्यकाळ पाचपट होतो. वांद्र्याच्या पावसाळ्यात हा फरक उपेक्षणीय नव्हे. पुढे पाच शहरांतील साथीच्या वाढीशी या काळाचा संबंध लावून पाहिला असून तो दुर्बळ आढळल्याचे लेखकांनी स्वतःच नमूद केले आहे. हा प्रांजळपणा स्तुत्य होय. तथापि शहराचे हवामान उघड्यावर मोजलेले असते आणि माणसांचा सहवास बहुधा बंद जागेत घडतो. तेव्हा ही तुलना मुळातच लंगडी ठरते.

खरा पेच यानंतरचा आहे. गणिताप्रमाणे थेंब काही सेकंदांत सुकतो. उलट हाँगकाँग येथील २०२० च्या प्रयोगांत संसर्गक्षम विषाणू काचेवर चौथ्या दिवशी, तर पोलाद व प्लास्टिक यांवर सातव्या दिवशी आढळेनासा झाला. दुसऱ्या निबंधाचे उत्तर असे की, थेंब दिसेनासा झाला तरी नॅनोमीटर मापाचे द्रवपटल मागे उरते. या पटलाचे बाष्पीभवन त्यातील विलगकारी दाब व लाप्लास दाब यांवर अवलंबून असून ते अत्यंत मंद असते. दिसणारा थेंब संपला म्हणजे ओल संपली नव्हे, ही कल्पना मार्मिक आहे.

परंतु तिच्यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, निष्कर्ष पटलाच्या आरंभीच्या जाडीवर फार अवलंबून आहे. ही जाडी स्वतंत्रपणे मोजलेली नसेल, तर जुळणी हा पुरावा न राहता निवडीचा परिणाम ठरण्याचा धोका असतो. दुसरा असा की, विषाणूचा व्यास सुमारे १०० नॅनोमीटर असतो. पटल त्याहून पातळ झाले की सपाट पटलाचे चित्र टिकत नाही, कारण कणाभोवती द्रव वक्र होऊन चढतो. शिवाय लाळेतील क्षार व श्लेष्मा पाणी धरून ठेवतात. तिसरा आक्षेप मापाचा आहे. प्रयोगातील थेंब ५ मायक्रोलिटरचा होता, तर निबंधांतील थेंब नॅनोलिटरच्या मापाचे आहेत. घनफळ हजारपट झाले की सुकण्याचा काळ सुमारे शंभरपट होतो. ही तफावत वेगळी काढल्यावाचून दोहोंची तुलना करणे सावधपणाचे नव्हे. लेखकांनी प्रयोगाशी असलेले साम्य केवळ गुणात्मक म्हटले आहे, ते योग्यच होय.

तिसरा निबंध कागद व कापड यांकडे वळतो. तेथे केशाकर्षणाने द्रव शोषला जातो व उरलेले पटलही लवकर सुकते, हे विवेचन पटण्याजोगे आहे. मात्र शोषलेले पाणी नष्ट झालेले नसते. विषाणूही त्याबरोबर तंतूंत शिरतो. प्रयोगात तो परत काढता आला नाही, म्हणजे तो मेलाच, असे म्हणता येत नाही.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये दूषित पृष्ठाच्या एका स्पर्शातून संसर्ग होण्याचा संभव सर्वसाधारणपणे १०,००० त एकाहून कमी मानला. म्हणून हे निबंध व्यर्थ ठरतात काय? नाही. ओल किती टिकते आणि संसर्ग किती पसरतो, हे दोन भिन्न प्रश्न आहेत, आणि या प्रतिमानांचा अधिकार पहिल्यापुरताच आहे. त्या मर्यादेत पाहता, सेकंद आणि दिवस यांतील विसंगतीला त्यांनी भौतिक नियमांच्या भाषेत मांडले, ही त्यांची खरी कामगिरी होय. पुढील अभ्यासकाने आता समीकरणात नवे पद घालण्याआधी त्या पटलाची जाडी मोजावी.